सुकतीच्या वेळेचा पूल

कॉलेजच्या पाच वर्षांत फोंडा ते पणजी हा प्रवास मी बसने किती वेळा केला असेन, त्याचा हिशेब कधी ठेवला नाही. जुने गोवे मागे पडले, रायबंदरची अरुंद, घरांना खेटून जाणारी वळणे संपली, की बस एकदम सरळ रस्त्याला लागायची. उजवीकडे मांडवीचे रुंद पात्र, डावीकडे खारफुटीचे हिरवे रान आणि खिडकीतून येणारा खाऱ्या चिखलाचा वास, ही पणजी जवळ आल्याची खूण असे. पदर सावरून पुस्तके पिशवीत टाकायची ती याच पट्ट्यात. हा सरळ रस्ता म्हणजे रस्ता नसून एक दगडी पूल आहे आणि तो छत्रपती शिवाजी महाराज चार वर्षांचे असताना बांधून पूर्ण झालेला आहे, हे मला कळायला पंचविशी उलटावी लागली. तेही वाचून कळले, पाहून नव्हे.

यात माझा एकटीचा दोष नाही. पूल म्हटला की तो नदी ओलांडणारा असतो. हा पूल मात्र नदी ओलांडतच नाही, तिच्या काठाकाठाने सुमारे तीन किलोमीटर चालत जातो. त्याला चढ नाही, उतार नाही, वर नजरेत भरेल असा खांब नाही, आणि मागाहून झालेल्या रुंदीकरणामुळे व डांबरामुळे वरून जाणाऱ्याला खालच्या कमानींचा पत्ताच लागत नाही. पुलावर असताना पूल दिसत नाही. तो पाहायचा तर त्याच्यावरून उतरून खाली जावे लागते, आणि खाली जायचे तर पाणी उतरलेले असावे लागते.

ही दुसरी अट माझ्या मामांनी घातली. मामा पणजीत मळा या भागात राहतात. सरकारी बांधकाम खात्यात आयुष्य गेल्यामुळे कोणत्याही वास्तूकडे ते आधी पायाच्या बाजूने पाहतात. ‘लिन्यारिशचा पूल नीट पाहायचा आहे,’ असे मी फोनवर म्हणताच त्यांनी कालनिर्णय काढले. समुद्रकाठच्या माणसांचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येईल तो पूर्ण भरतीचा तास. त्यात सहा मिळवले की सुकतीची, म्हणजे ओहोटीची वेळ. तृतीया धरली तर तीन पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सुकती सव्वाआठच्या सुमारास. ‘नदीत पाणी आत शिरायला आणि बाहेर पडायला थोडा उशीर होतो, तेवढा धरून चल, बाय. तृतीयेला ये,’ असे त्यांनी सांगितले. त्याप्रमाणे मी आदल्या रात्रीच मुक्कामाला गेले.

सकाळी सातला मळ्यावरून निघालो. मारुतीच्या देवळाची टेकडी मागे टाकून फोन्तेन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून खाडीकाठी आलो. या गल्ल्यांबद्दल इतके लिहिले गेले आहे आणि त्यांची इतकी छायाचित्रे निघाली आहेत, की मी आणखी भर घालत नाही. पिवळ्या-निळ्या भिंतींपुढे उभे राहून छायाचित्रे काढणारी मंडळी सकाळी सातलाही हजर होती, एवढेच नोंदवते. खाडी ओलांडून पाटो भागात आलो. बसस्थानकाचा गोंगाट मागे पडल्यावर पुलाला सुरुवात होते, पण ती नेमकी कुठे होते हे मामांनाही बोटाने दाखवता आले नाही. एका ठिकाणी ते थांबले, कठड्यावरून वाकून पाहिले आणि म्हणाले, ‘हं, आता आपण पुलावर आहोत.’

पुढे एका जागी मासे पकडणाऱ्यांच्या पायांनी पडलेली वाट खाली उतरत होती. मामांनी गुडघ्याकडे बोट दाखवून वरच थांबणे पसंत केले. मी उतरले आणि तिसऱ्याच पावलाला घोट्यापर्यंत चिखलात रुतले. एक चप्पल आत राहिली, ती हाताने उपसून काढावी लागली. त्या झटापटीतून मान वर केली तेव्हा समोर कमान होती.

बुटकी, अर्धवर्तुळाकार, जांभ्या दगडाची. भरतीची रेघ कमानीच्या अंगावर स्पष्ट उमटलेली होती. रेघेखालचा दगड शेवाळाने काळा-हिरवा आणि कालवांच्या कवचांनी खरबरीत झालेला, रेघेवरचा दगड मात्र विटेसारखा तांबूस. कमानीच्या पोटात चिऱ्यावर चिरा बसवलेला दिसत होता, आणि ज्या सांध्यांतला चुना धुऊन गेला होता तिथे लहान खेकड्यांनी बिऱ्हाड केले होते. तिच्यामागे दुसरी कमान, मग तिसरी, आणि पुढच्या कमानी खारफुटीच्या मुळांआड गेलेल्या. मी मोजायला सुरुवात केली आणि आठव्या-नवव्यावर सोडून दिले. वरून बस गेली तेव्हा कमान हादरेल असे वाटले होते. प्रत्यक्षात नुसता एक जड, दबलेला आवाज आला आणि पाण्यावर एक तरंगही उठला नाही.

पुलाच्या पायाशी पुढे आलेल्या एका दगडावर एक वयस्क माणूस पाग घेऊन उभा होता. जाळे पाण्यावर गोल पसरण्याआधी तो क्षणभर कंबरेत वळून थांबे, तो क्षण पाहण्यासारखा होता. पिशवीत दोन-चार शेवटे आणि काही कोळंबी होती. इथे काय पाहायला आलात, असे त्याने विचारले. जुना रस्ता पाहायला आले, असे मी सहज बोलून गेले. तो म्हणाला, ‘रस्तो न्हय तो, पूल.’ मला पंचवीस वर्षे लागली होती, त्याला मुळी प्रश्नच पडला नव्हता. तो पुलाच्या खालच्या बाजूचा रहिवासी होता.

वर आल्यावर मामांनी मला पुलाचे व्याकरण समजावले. पणजी आणि रायबंदर यांच्या मधली ही जमीन म्हणजे भरतीला बुडणारी आणि सुकतीला चिखल होऊन राहणारी दलदल होती. नुसती मातीदगडांची भर घालून बांध टाकला असता, तर भरतीचे पाणी दक्षिणेकडच्या खाजनांत, म्हणजे बांध घातलेल्या खारट शेतजमिनींत, आणि मिठागरांत शिरलेच नसते. आत शिरलेले पावसाचे पाणी बाहेर पडले नसते, आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या दाबात सापडून तो बांध चार पावसाळ्यांत खचला असता. कमानींनी पाण्याला ये-जा करायला दारे ठेवली. मातीचा बांध घालून खारे पाणी अडवायचे, त्यात मानस, म्हणजे पाण्याचे दार, बसवून ते हवे तेव्हा आत घ्यायचे आणि नको तेव्हा बाहेर काढायचे, ही विद्या गोव्याच्या गावकऱ्यांकडे पोर्तुगीज येण्याच्या पुष्कळ आधीपासून होती. पूल बांधण्याचा हुकूम व्हाइसरॉयचा असेल, पण या चिखलाचा स्वभाव ओळखणारे हात इथलेच असणार, असे मामांचे ठाम मत आहे. त्यासाठी त्यांच्यापाशी कागद नाही. मला ते पटते.

जांभ्याबद्दलही ते बरेच बोलले. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे तासता येतात, आणि मग हवा लागून तो कठीण होत जातो. पण तो सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून आपल्याकडे त्यावर चुन्याचा गिलावा करण्याची पद्धत पडली. हा मुद्दा लक्षात ठेव, असे ते म्हणाले, जुन्या गोव्यात त्याची गरज पडेल.

डावीकडची आणि उजवीकडची दुनिया इथे निराळी आहे. आम्ही पूर्वेकडे तोंड करून चालत असल्यामुळे नदी डाव्या हाताला आली होती: कॅसिनोंच्या बोटी मागे राहिलेल्या, पलीकडे चोडण बेटाची हिरवी कड, तिच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य. उजव्या हाताला पूर्वी मिठागरे होती. आज त्यांचे चौकोन ओळखू येतात ते फक्त बांधांच्या रेषांवरून, कारण बहुतेक वाफ्यांत तिवरांनी बस्तान बसवले आहे. खंड्या, बगळे आणि तांबूस अंगाची ब्राह्मणी घार ही मंडळी मात्र दोन्ही बाजूंना सारख्याच हक्काने वावरत होती. कमानींच्या तोंडाशी अडकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांबद्दल लिहायचे नाही असे ठरवले होते. तरी लिहिले.

हा पूल ज्याच्या नावाने ओळखला जातो तो दों मिगेल द नोरोन्या, लिन्यारिशचा काउंट, १६२९ ते १६३५ या काळात गोव्याचा व्हाइसरॉय होता, आणि पूल १६३४ मध्ये पूर्ण झाला. ही वर्षे मला फार बोलकी वाटतात. गुजरात आणि दख्खन १६३० च्या भीषण दुष्काळातून नुकते सावरत होते. १६३२ मध्ये मोगलांनी हुगळीचे पोर्तुगीज ठाणे उद्ध्वस्त केले होते. डच समुद्रावर वरचढ होत होते, आणि त्यांना तोंड देण्यासाठी याच लिन्यारिशला १६३५ च्या आरंभी इंग्रजांशी गोव्यात तह करावा लागला. ज्या राजधानीबद्दल, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याबद्दल, ‘गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याचे कारण नाही’ असे पोर्तुगीज म्हणत, त्या शहराची उतरण सुरू झाली होती, वारंवार येणाऱ्या साथी त्याला पोखरत होत्या. आणि अशा वेळी तिथल्या सत्ताधीशाने पणजीच्या दिशेने, म्हणजे तेव्हाच्या एका किल्लेवजा वाड्याच्या आणि कोळ्यांच्या लहानशा वस्तीच्या दिशेने, चिखलातून एक दगडी वाट काढली.

जुन्या गोव्याच्या सोयीसाठी बांधलेली ही वाट जुने गोवे सोडून जाण्याचीही वाट झाली. सत्ता आधी १६९५ मध्ये शहराबाहेर पाणेलीच्या वाड्यात गेली, मग १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीला आदिलशाहाच्या जुन्या वाड्यात हलवला, आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. नुसती माणसे गेली नाहीत, ओस पडलेल्या इमारतींचा दगडही नव्या इमारतींसाठी उचलला गेला. त्या दिवशी आम्ही उलट दिशेने, पणजीकडून जुन्या गोव्याकडे चालत होतो, आणि हा उलटा प्रवास मला पहिल्यांदाच कळत होता.

मध्येच मामांनी मागे वळून मांडवीवरच्या उंच पुलांकडे हात केला. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, तेव्हा त्याचे वय पंधरा-सोळा वर्षांच्या आसपास होते. पुढे कित्येक वर्षे फेरीबोटीच्या रांगांत उभे राहून पणजीकरांनी त्याची किंमत मोजली. मामा तेव्हा नोकरीत होते. त्या पुलाशी त्यांचा काही संबंध नव्हता, तरी हा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली येतो. ‘आणि हा बघ,’ एवढेच म्हणून त्यांनी चपलेचे टोक डांबरावर आपटले. ही तुलना तशी न्यायाची नाही हे त्यांनाही ठाऊक आहे, कारण बुटक्या कमानींच्या पुलाला जे सोसावे लागते त्याहून खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या पुलाला फार वेगळे सोसावे लागते. पण मी ते बोलून दाखवले नाही.

रायबंदरला पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. एका लहान हॉटेलात पातळभाजी, बन आणि चहा घेतला, मामांनी वर एक मिरचीभजी मागवली. रायबंदरची घरे, त्यांचे बलकांव, म्हणजे दर्शनी ओसऱ्या, आणि नदीकडे उघडणाऱ्या मागच्या पायऱ्या रमतगमत पाहाव्यात अशा आहेत. पण अरुंद रस्त्यावर वाहनांना चुकवत चालताना रमणे शक्य होत नाही. चर्च बंद होते. फेरीधक्क्यावर चोडणला जाणाऱ्या दुचाकींची रांग होती. आम्ही बस पकडली.

जुन्या गोव्यात लोक बहुधा बॉम जेझूच्या चर्चपासून सुरुवात करतात. मामांनी मला आधी नदीवर, व्हाइसरॉयच्या कमानीपाशी नेले, कारण शहराचे दार तिथे होते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटी ही कमान उभी राहिली, आणि नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरून तिच्याखालून शहरात येई. आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली. सकाळी पाहिलेल्या कमानींच्या मानाने ही फार उंच, फार मिरवणारी. तिच्याखालून आता दिवाडीला जाणाऱ्या फेरीबोटीचे प्रवासी, भाजीच्या पिशव्या आणि स्कूटर जातात.

धक्क्यावर उभे राहिले की समोर दिवाडी दिसते. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे या बेटावरचे. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली महालातल्या नार्व्याला गेले, आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. नदीच्या वरच्या अंगाला जुवे बेट आहे. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या सैन्याने त्या बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा मराठे राजधानीपासून हाकेच्या अंतरावर आले होते. दुसऱ्या दिवशी किल्ला परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय काउंट आल्व्होर जखमी होऊन परतला, आणि पुढे त्याने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला, हे सर्वांना माहीत असते. पण त्यानंतर राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट घातला गेला, हे फारसे सांगितले जात नाही. शहर सोडण्याचा विचार त्या लोकांच्या मनात किती आधीपासून घोळत होता, ते यावरून दिसते.

कमानीपासून वर येताना सेंट काजेतानच्या चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याचे म्हणून दाखवले जाणारे दार उभे आहे. मागे वाडा नाही, बाजूला भिंत नाही, नुसती काळ्या दगडाची नक्षीदार चौकट. पर्यटक तिच्यात उभे राहून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. मला तिथून हलवत नव्हते, पण ऊन चढत होते आणि मामांच्या गुडघ्याची सहनशक्ती मर्यादित होती.

गिलाव्याचा मुद्दा आला तो से कॅथेड्रल आणि बॉम जेझू यांच्या मध्ये, रस्त्यावर उभे असताना. एका बाजूला चुन्याने पांढरेशुभ्र कॅथेड्रल. १५६२ मध्ये बांधायला घेतलेले, १७७६ मध्ये एक मनोरा ढासळल्यापासून एकाच मनोऱ्याचे. दुसऱ्या बाजूला १६०५ मध्ये पूर्ण झालेले बॉम जेझू, तांबडेलाल, उघड्या जांभ्याचे. ‘यातले जुने कोणते दिसते?’ मामांनी विचारले. अर्थात लाल. हा लालपणा जुना नाही. गेल्या शतकाच्या पन्नाशीत बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली या चर्चचा गिलावा काढून टाकण्यात आला, वास्तू प्राचीन दिसावी म्हणून. तेव्हापासून दर पावसाळ्यात हा पाणी पिणारा दगड पाणी पितो आणि झिजतो. गिलावा पुन्हा करावा की नाही यावर आज वाद आहे, कारण तीन पिढ्यांनी ते चर्च लालच पाहिले आहे. मामा गिलाव्याच्या बाजूचे. मी बराच वेळ विचार करून त्यांच्याच बाजूला गेले, पण लाल भिंत डोळ्यांतून जाईना हेही खरे.

आत फ्लॉरेन्सच्या फोजिनीने घडवलेला, तोस्कानाच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला आणि १६९८ मध्ये उभारलेला संगमरवरी चौथरा आहे, त्यावर सेंट झेवियरच्या शवाची चांदीची पेटी. गर्दी फार होती. आम्ही लवकर बाहेर पडलो आणि टेकडी चढून सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाकडे गेलो. टेकडी मामांनी कुरकुर न करता चढली.

तिथे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला अर्धा भाग आकाशात एकटा उभा आहे. धार्मिक संघांवर बंदी आल्यावर १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे कमानदार छत कोसळले, आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा काही भाग पडला. याच ढिगाऱ्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जॉर्जियाच्या केतेवान राणीचे अवशेष सापडले. १६२४ मध्ये इराणात शिराजला तिला ठार मारले गेले आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गोव्यात आणले होते. हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून ओळख पटवली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. इथली मोठी घंटासुद्धा गेली. आग्वादच्या दीपगृहात काही काळ राहून ती १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. पणजीच्या त्या पायऱ्यांपुढून जाताना मी ती घंटा असंख्य वेळा ऐकली आहे. ती इथली होती, हे इथे पायऱ्यांवर बसल्यावर मामांनी सांगितले.

अडीच वाजले. फोंड्याची बस जुन्या गोव्यातूनच मिळाली असती, पण माझी पिशवी मळ्यावर होती, म्हणून मामांबरोबर पुन्हा पणजीच्या बसमध्ये बसले. रायबंदर संपले आणि बस सरळ रस्त्याला लागली. नदी आता उजवीकडे आली होती. मी मुद्दाम डावीकडच्या खिडकीत बसले होते. भरती पूर्ण झाली होती. सकाळचा चिखल, तिवरांची मुळे, चप्पल रुतली ती वाट, सगळ्यावर तपकिरी पाणी चढले होते आणि खारफुटीचे नुसते शेंडे वर राहिले होते. पागवाला ज्या दगडावर उभा होता तो शोधायचा मी प्रयत्न केला. मामा झोपले होते. कंडक्टरने ‘पाटो, पाटो’ म्हणून हाक दिली, तशी पुढच्या बाकावरच्या मुलींनी आपापल्या पिशव्या आवरायला घेतल्या.